व्होल्टेज जुळले, पण हर्ट्झचे काय?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशातून येताना आणलेली विजेची उपकरणे आपल्याकडे कशी वापरावीत, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच एक लेख वाचनात आला. प्लगचे आकार, अर्थिंगची पिन, एक्स्टेन्शन बोर्डावरचा भार यांबद्दल त्यात जे लिहिले आहे ते सगळे योग्यच आहे. मात्र ‘वस्तू ११० व्होल्टची असेल तर मध्ये एक कन्व्हर्टर लावावा, मग चिंता नाही’ हे त्यातले एक वाक्य मला खटकले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानांतही गिऱ्हाइकाला हेच सांगितले जाते, आणि या सल्ल्यावर विसंबून गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका घरात ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. भांडुपच्या एका कारखान्यातील ट्रान्सफॉर्मर चाचणी विभागात माझी बहुतेक नोकरी झाली असल्यामुळे तो जळका ट्रान्सफॉर्मर शेवटी माझ्याच टेबलावर आला. त्या निमित्ताने चार गोष्टी जरा सविस्तर लिहितो.

शेजाऱ्यांचा भाचा अमेरिकेत शिकून परत आला, तेव्हा त्याने गिटारसाठी वापरायचा एक छोटा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर बरोबर आणला होता. मुलगा व्यवस्थित होता. त्याने मागची पाटी वाचली, १२० व्होल्ट हा आकडा पाहिला, २३० चे ११० करणारा एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा डबा आणला आणि ॲम्प्लिफायर जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजले. त्या रात्री आमच्या इमारतीत २४३ च्या आसपास दाब होता, त्यामुळे डब्यातून ११६ व्होल्ट येत होते. ‘काका, १२० च्या आतच आहे,’ असे तो मला जिन्यात म्हणालाही होता, आणि मी तेव्हा घाईत असल्यामुळे पाटीवर पुढे काय लिहिले आहे ते विचारायचे राहून गेले. पुढे ‘६० हर्ट्झ’ असे लिहिलेले होते. तिसऱ्या संध्याकाळी दीड-दोन तास वाजवल्यानंतर वॉर्निश करपल्याचा वास आला, गुणगुण वाढली आणि आवाज बंद पडला. फ्यूज मात्र शाबूत होता.

पाटीवरच्यापेक्षा चार व्होल्ट कमीच देऊनही ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर जळतो कसा, हा त्या मुलाचा प्रश्न रास्त होता. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला नुसते व्होल्टेज कळत नाही, हे त्याचे उत्तर आहे. ते व्होल्टेज एका दिशेने किती वेळ लावून धरले आहे, त्यावर लोखंडात किती चुंबकत्व भरते हे ठरते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, हीच तिची फ्रिक्वेन्सी, ५० हर्ट्झ, म्हणजे प्रत्येक अर्धे आवर्तन १० मिलिसेकंद टिकते. अमेरिकेत ती ६० आवर्तने करते, म्हणजे अर्धे आवर्तन सुमारे ८.३ मिलिसेकंदांत आटोपते. चाळीतल्या नळाचे उदाहरण घेतले तर व्होल्टेज हा पाण्याचा जोर, अर्ध्या आवर्तनाचा काळ ही नळ चालू असण्याची वेळ आणि लोखंडाचा गाभा ही खाली ठेवलेली बादली. बादली ८.३ मिनिटांच्या हिशेबाने घेतलेली असताना तेवढ्याच जोराचा नळ १० मिनिटे चालू राहिला, तर शेवटची दीड-पावणेदोन मिनिटे पाणी मोरीत वाहून जाणार. ट्रान्सफॉर्मरमध्ये असे वाहून जाणारे पाणी म्हणजे प्रायमरी, म्हणजे वीज आत घेणाऱ्या, वेटोळ्यातून जाणारा फुकाचा करंट. त्याने सेकंडरीच्या, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या, बाजूला काहीच काम होत नाही, तो फक्त तांबे तापवतो.

म्हणून आमच्या धंद्यात व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी हे आकडे कधीच सुटे वाचत नाहीत, व्होल्टेजला फ्रिक्वेन्सीने भागून येणारा आकडा पाहतात. वीजकेंद्रांतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरांना याच भागाकारावर लक्ष ठेवणारा एक वेगळा रिले, म्हणजे धोका दिसताच वीज तोडायला लावणारे उपकरण, असतो, त्याला ओव्हरफ्लक्सिंग रिले म्हणतात, आणि संरक्षण यंत्रणेच्या मूळच्या अमेरिकन, पण जगभर वापरल्या जाणाऱ्या क्रमांकपद्धतीत त्याचा क्रमांक २४ आहे. कोट्यवधी रुपयांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी जी काळजी घेतली जाते ती घरातल्या ॲम्प्लिफायरसाठी कोणी घेणार नाही, हे मलाही समजते, पण भागाकार करायला रिले लागत नाही. १२० ला ६० ने भागले तर २ येतात, म्हणजे त्या ॲम्प्लिफायरचा गाभा २ या हिशेबाने घडवलेला होता. आपल्याकडे त्याला ११६ व्होल्ट ५० हर्ट्झवर मिळाले, म्हणजे २.३२. मल्टिमीटर चार व्होल्ट कमी दाखवत असताना लोखंडावर १६ टक्के जास्त भार पडलेला होता. डब्यातून बरोबर ११० व्होल्ट आले असते, तरी तो १० टक्के जास्तच ठरला असता.

१६ टक्के हा आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही, आणि लोखंडाचे वागणे सरळ रेषेत असते तर तो खरोखरच मोठा ठरला नसता. पण ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या एका मर्यादेपर्यंत अगदी थोड्या करंटवर चुंबकत्व घेत राहतात आणि मग एकाएकी हात आखडतात. आलेख काढला तर तिथे गुडघ्यासारखे वळण दिसते आणि इंग्रजीतले त्याचे नावही तेच आहे. साध्या पट्ट्यांमध्ये हे वळण १.४ ते १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकत्वाच्या घनतेचे एकक) आसपास येते, पुढे दोन टेस्लाच्या सुमारास लोखंड जवळजवळ पूर्ण संपृक्त होते, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासे होते. वळणाच्या अलीकडे व्होल्टेज १५ टक्के वाढवले तर बिनभाराचा, म्हणजे सेकंडरीला काहीच जोडलेले नसतानाचा, करंट थोडा वाढतो, पलीकडे तेच केले तर तो दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. शिवाय तो गुळगुळीत लाटेसारखा राहत नाही, प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शेवटी टोकदार सुळक्यासारखा वर येतो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कर्कश होते ती या सुळक्यांमुळेच, आणि ती ऐकूनसुद्धा जाणकार माणसाला गाभा कुठे पोचला आहे याचा अंदाज येतो.

जळालेले वेटोळे मी उलगडले. गाभ्याची मधली पट्टी सव्वा इंच रुंद होती आणि पट्ट्यांची थप्पीही सव्वा इंचाची, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १० चौरस सेंटिमीटर. प्रायमरीचे वेढे मोजले ते सव्वातीनशेच्या घरात भरले. व्होल्टेज म्हणजे ४.४४ गुणिले फ्रिक्वेन्सी, गुणिले वेढे, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले चुंबकत्वाची घनता, हे सूत्र पॉलिटेक्निकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच शिकवतात. त्यात हे आकडे घातले की कळते, कारखान्याने ६० हर्ट्झवरच १.४ टेस्ला इतकी घनता ठेवली होती. १२० व्होल्टला ते जेमतेम खपणारे होते. इथे मुलुंडला, आमच्या इमारतीत, ती घनता १.६ च्या वर गेली. तांबे आणि लोखंड दोन्ही महाग असल्यामुळे ज्या देशात माल विकायचा तिथल्या फ्रिक्वेन्सीपुरतेच ते वापरायचे, यात कारखान्याची लबाडी काही नाही, पाटीवर त्याने स्पष्ट लिहिलेच होते. आपल्याकडचे जुने वाइंडर ‘४५ भागिले चौरस सेंटिमीटर’ एवढे वेढे दर व्होल्टला घालत, तो हिशेब ५० हर्ट्झ आणि १ टेस्लाचा आहे. त्या हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर कुठेही नेला तरी सहसा तापत नाही, पण तो वजनाला दीडपट भरतो आणि आजच्या किमतीत बसत नाही.

फ्यूज का उडाला नाही, याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ‘काही झाले तर फ्यूज आहेच’ हा दिलासा आपण स्वतःला नेहमी देतो. ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर त्याच्या नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट खेचला जातो, तेवढ्याने फ्यूज उडू नये म्हणून तो सावकाश वितळणारा आणि थोडा सैल निवडलेला असतो. असा फ्यूज शॉर्ट झाल्यावर संरक्षण देतो, दोन तास हळूहळू चढणाऱ्या उष्णतेपासून देत नाही. व्हॉल्व्हच्या उष्णतेने आधीच तापलेली पेटी, मे महिन्यातली मुंबईची हवा आणि आत बिनकामाचा करंट, असे तिन्ही एकत्र आल्यावर तारेवरचे इनॅमल आणि थरांमधला कागद फार वेळ तग धरत नाहीत. इन्सुलेशनचे तापमान साधारण आठ-दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, हा आमच्याकडचा जुना ठोकताळा आहे. त्यामुळे जे ट्रान्सफॉर्मर तिसऱ्या दिवशी जळत नाहीत ते तिसऱ्या वर्षी जळतात, आणि तेव्हा त्याचे खापर ‘व्होल्टेज वरखाली होते’ यावर फुटते.

आता एक असा प्रकार सांगतो ज्यात कन्व्हर्टर लागतच नाही आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आहे. दुबई, मस्कत, दोहा, कुवेत येथे मात्र आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. नोकरीसाठी आखातात गेलेली मुंबई-कोकणातली माणसे ‘गल्फचा माल’ असे सरसकट म्हणतात, पण रियाधहून आणलेली वस्तू आणि दुबईहून आणलेली वस्तू यांत हा फरक असू शकतो. दक्षिण कोरियात २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात. जहाजांवरही बहुधा ४४० व्होल्ट ६० हर्ट्झची वीज तयार करतात आणि तिच्यावरून लहान उपकरणांसाठी २२० किंवा ११० व्होल्ट काढतात. मुंबई बंदराजवळच्या दारूखाना या जहाजे तोडण्याच्या भागात मोडीत निघालेल्या जहाजांमधले बॅटरी चार्जर, कंट्रोल पॅनेल, वेल्डिंगचे संच रे रोडच्या बाजूला विकायला येतात. त्यांच्या पाटीवर २२० व्होल्ट दिसले की घेणारा निःशंकपणे घरच्या सॉकेटला लावतो. २२० ला ६० ने भागले तर ३.६७ येतात आणि आपल्या २३० ला ५० ने भागले तर ४.६, म्हणजे लोखंडावर २५ टक्के जादा भार. अमेरिकेतल्या ॲम्प्लिफायरला डब्याने निदान १६ टक्क्यांवर ठेवले होते. इथे मध्ये डबाही नाही आणि ‘व्होल्टेज तर आपलेच आहे’ असे समाधान मात्र आहे.

असा एक दारूखान्याचा ट्रान्सफॉर्मर मी डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवता येते त्या उपकरणावर, लावून पाहिला आहे. सेकंडरीला काही न जोडता प्रायमरीत ॲमीटर ठेवला. १८० व्होल्टपर्यंत काटा जेमतेम हलला, २०० च्या पुढे प्रत्येक पाच व्होल्टला तो स्पष्टपणे उडी घेऊ लागला आणि २२० ला गुणगुण खोलीभर ऐकू येत होती. ३.६७ ला ५० ने गुणले तर १८३ व्होल्ट येतात, म्हणजे पाटीवरचा भागाकार आणि काट्याचे वागणे यांचा मेळ बसत होता. ज्यांच्याकडे पाटी गळून पडलेला ट्रान्सफॉर्मर आहे, त्यांनी ही चाचणी जाणकार माणसाकडून करून घ्यावी. डिमरस्टॅट नसेल तर मधे सिरीज बल्ब असणारा टेस्टिंग बोर्ड तरी असावा, थेट सॉकेटला लावून ‘बघू या काय होते’ हा प्रयोग नको.

उलट दिशेने प्रवास करणाऱ्यांना यातले फारसे भय नाही, हेही सांगायला हवे. ५० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झवर तेवढ्याच व्होल्टेजला चालवला तर लोखंडावरचा भार सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतो आणि तो उलट थंड चालतो. भाराखाली व्होल्टेज किंचित जास्त उतरते, एवढाच काय तो तोटा. न्यू जर्सीला निघालेल्या मुलीबरोबर इथला मिक्सर आणि १२० चे २३० करणारा इथलाच ट्रान्सफॉर्मर पाठवणाऱ्या आईवडिलांनी ट्रान्सफॉर्मरची वॅटची क्षमता मिक्सरच्या दुप्पट घ्यावी आणि निश्चिंत राहावे. मिक्सरची ब्रशवाली मोटर फ्रिक्वेन्सीची पर्वा करत नाही.

फ्रिक्वेन्सी आणि लोखंड यांचे हे नाते किती दूरवर जाते, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीची रेल्वे १६.७ हर्ट्झवर धावते आणि तिच्या इंजिनातले ट्रान्सफॉर्मर त्यामुळे अवजड असतात. विमानात ४०० हर्ट्झची वीज वापरतात, तिथे तेवढ्याच कामाचा ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. असा विमानातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर चोरबाजारात कोणाला मिळाला आणि ११५ व्होल्ट वाचून त्याने तो स्टेप-डाऊनवर लावला, तर लोखंडावर आठपट भार येईल. ते काही मिनिटांचेच काम आहे. आणि फ्रिक्वेन्सी शून्यच असेल, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज असेल, तर नळ कधी बंदच होत नाही. आपल्या लोकल गाड्या ३ फेब्रुवारी १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावत होत्या, तेव्हा गाडीतल्या मुख्य मोटरींसाठी ट्रान्सफॉर्मर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. २५ हजार व्होल्ट एसी आल्यावर गाडीच्या पोटात ट्रान्सफॉर्मर आला.

मूळ विषयाकडे येतो. ‘कन्व्हर्टर’ हा शब्दच घोटाळा करतो. बाजारात त्या नावाने मिळणारा डबा म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, आणि कोणताही ट्रान्सफॉर्मर ती बदलू शकत नाही. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. या डब्यातून बाहेर पडणारी वीज त्या पट्ट्यातलीच राहते. फ्रिक्वेन्सी खरोखर बदलायची तर विजेचे आधी डीसी करून तिच्यापासून पुन्हा ६० हर्ट्झची एसी बनवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण लागते, ते वेगळे असते आणि बरेच महाग पडते.

पण फ्रिक्वेन्सी बदलता येत नसेल तर भागाकार जुळवता येतो. १२० भागिले ६० बरोबर २, आणि १०० भागिले ५० बरोबरही २. म्हणजे फक्त ६० हर्ट्झ लिहिलेल्या अमेरिकन ट्रान्सफॉर्मरला आपल्याकडे ११० देण्याऐवजी १०० व्होल्ट दिले, तर त्याच्या लोखंडाला अमेरिकेत असल्यासारखेच वाटेल. मात्र लोखंडाचे भागले म्हणून उपकरणाचे भागतेच असे नाही, कारण प्रायमरीला सहाव्या हिश्श्याने कमी दिले की सेकंडरीलाही तेवढेच कमी मिळते. ज्या उपकरणात आत दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आहे आणि त्याला थोडी सवलत ठेवलेली आहे, ते १०० व्होल्टवर सुखाने चालेल. या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हचा कॅथोड तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, त्याला ५.२५ मिळाले असते, आणि थंड कॅथोडवर व्हॉल्व्ह चालवणे हा त्याला मारण्याचा सावकाश मार्ग आहे. शिवाय तारेची जाडी तीच असल्यामुळे करंट वाढवता येत नाही, त्यामुळे अशा ट्रान्सफॉर्मरकडून पाटीवरच्या ८३ टक्क्यांपेक्षा जास्त काम मागू नये.

म्हणून त्या ॲम्प्लिफायरसाठी मी दुसरा मार्ग घेतला. त्याच मापाच्या पट्ट्या जास्त घेऊन थप्पी सव्वा इंचाची दीड इंच केली, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर २० टक्क्यांनी वाढले. ६० वरून ५० वर येताना नेमके तेवढेच लागते. वेटोळे ज्यावर गुंडाळतात ते जुने खोके तेवढे थोडे लांब करावे लागले आणि बोल्टही लांब घ्यावे लागले. प्रायमरी १२० ऐवजी सरळ २३० व्होल्टची गुंडाळली. गाभ्याच्या खिडकीत, म्हणजे वेटोळे बसते त्या पोकळीत, जागा शिल्लक होती, त्यामुळे हात सैल सोडून ७२० वेढे घातले, त्यात घनता १.२ टेस्लाच्या आसपास राहते. आमच्या इमारतीत दाब २४३ झाला तरी ती १.३ च्या आतच असते. आता मध्ये डबा नाही, आणि दोन तास वाजवल्यावरही ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येतो.

सगळ्याच वस्तूंना हा व्याप लागत नाही, हे लिहिले नाही तर वाचक उगाच घाबरतील. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. तो येणाऱ्या विजेचे आधीच डीसी करतो आणि पुढे स्वतःची हजारो हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बनवतो, त्यामुळे त्याला कन्व्हर्टर लावणे निरर्थक आहे. इस्त्री किंवा टोस्टर यांच्यात तापणारी तार एवढेच असते, त्यांना फक्त व्होल्टेज जुळले की पुरते. जपानी वस्तूंवर बहुधा १०० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे दोन्ही आढळतात, कारण जपानच्या पूर्वेला टोकियोत ५० आणि पश्चिमेला ओसाकात ६० हर्ट्झ असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले आहे. त्यांचे लोखंड ५० साठी पुरेसे असते, फक्त त्यांना ११० व्होल्टच्या डब्यावर लावू नये, १०० हवेत. याउलट ६० हर्ट्झचा मायक्रोवेव्ह ओव्हन कोणत्याही डब्याने इथे नीट चालणार नाही, कारण त्यातला ट्रान्सफॉर्मर मुळातच संपृक्तीच्या काठावर चालवतात. तीच गत ६० हर्ट्झच्या कॉन्स्टंट व्होल्टेज, म्हणजे दाब स्थिर ठेवणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरची. सिंक्रोनस मोटरवर, म्हणजे विजेच्या आवर्तनांशी जिचा वेग बांधलेला असतो अशा मोटरवर, चालणारे ६० हर्ट्झचे घड्याळ इथे दर तासाला दहा मिनिटे मागे पडते, आणि तशाच मोटरच्या टर्नटेबलवर ३३⅓ फेऱ्यांची तबकडी मिनिटाला सुमारे २८ फेऱ्या घेते. भैरवी सहाव्या हिश्श्याने खाली उतरते.

या डब्यांपैकी पुष्कळ डबे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे त्यांच्यात आत आणि बाहेर असे एकच वेटोळे असते. बाहेर ११० व्होल्ट असले तरी सॉकेटमध्ये लाइन-न्यूट्रल उलट असेल तर उपकरणाच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत धोकादायक व्होल्टेजवर राहू शकतात. अमेरिकन तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन अडॅप्टरमध्ये हरवली तर धातूच्या पेटीला हात लावणाऱ्याचे काय होईल, हे सांगायला नको. हा मुद्दा आपल्या लेखात नव्हता आणि तो असायला हवा होता.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपल्या पुरवणीने पुढच्या वेळी या विषयावर लिहिताना पाटीवर व्होल्टच्या शेजारी ‘५०/६० हर्ट्झ’ आहे की नुसते ‘६० हर्ट्झ’, हे वाचकाला आधी पाहायला सांगावे. आणि लॅमिंग्टन रोड, लोहार चाळ येथे हे डबे बनवून विकणाऱ्यांनी त्यावर ‘फ्रिक्वेन्सी बदलत नाही’ एवढे तीन शब्द मराठीत, हिंदीत छापावेत आणि ११० च्या जोडीला १०० व्होल्टचे एक टॅपिंग काढून द्यावे. वेटोळे गुंडाळताना त्या वेढ्याला एक तार बाहेर घ्यायची आणि एक रोटरी स्विच बसवायचा, यापलीकडे त्यात काही नाही. मी ज्या दुकानदाराकडे नव्या पट्ट्या घ्यायला गेलो होतो, त्याला हे सुचवले, तेव्हा ‘गिऱ्हाईक मागतच नाही’ असे उत्तर मिळाले. गिऱ्हाइकाला मागता यावे, म्हणून हे पत्र.

आपला,
एक निवृत्त ट्रान्सफॉर्मर तंत्रज्ञ,
मुलुंड (पूर्व), मुंबई